निरीक्षक खाली उतरते

फॉर्मवर एक रकाना होता : वजन, किलोमध्ये.
एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वजनांवर शिक्के मारले,
छावणीच्या धान्यबाजारात, सियागंजात,
सराफ्यातल्या नाजूक तराजूंवर, श्वास रोखून.
स्वतःचं मात्र अंदाजानं लिहिलं,
तेही चार किलो कमी.

पैसे भाचीनं, ऋतानं, आधीच भरले होते.
"मावशी, नवशिक्यांसाठीच आहे," म्हणाली
आणि स्वतः आली नाही. ताप, म्हणे.

भंवरकुआँवरून पहाटे साडेपाचला गाडी.
कॉलेजची दोन पोरं, एक दातांचे डॉक्टर,
एक नवं जोडपं, त्यातली ती आधीच रुसलेली.
मानपूरच्या पुढे आम्ही रस्ता सोडला.
इंदूरचं माणूस जन्मभर सपाटीवर जगतं,
चढ म्हणजे आम्हाला उड्डाणपूल.
कुणी सांगत नाही की माळवा
ताटाच्या काठासारखा एकदम संपतो
आणि खाली निमाड असतं, निळसर,
कितीतरी खाली.

हेल्मेटला कुणाच्या तरी आवळ्याच्या तेलाचा वास.
रबरी पोशाखाची चेन त्या रुसलेल्या नवरीनं
गुडघा माझ्या पाठीला लावून ओढली
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.
केलसिंगनं कमरेचे पट्टे आवळले,
आठच्या आकड्यासारख्या कडीतून दोर ओवला.
"ही किती पेलते?"
"दो हजार किलो से ऊपर."
"तपासलं कुणी?"
त्यानं कडीवर कोरलेला आकडा दाखवला.
शिक्का होता. कुठल्या देशाचा कोण जाणे,
पण खोल, स्वच्छ, एका दमात मारलेला.
तरी मी नखानं घासून पाहिला.

पहिला उतार पंधरा फुटांचा, बसून घसरायचा.
तिथे मी किंचाळले.
लिहून ठेवते, नाहीतर ऋताला कुणीतरी सांगेलच.

दुसरा, सत्तर.
पाठ दरीकडे, तोंड खडकाकडे.
काळा खडक इतका जवळ, की त्याची छिद्रं दिसतात,
एखाद्या छिद्रात पांढरा खडा, लपवलेल्या दातासारखा.
डाव्या खांद्यावर पाणी कोसळतंय.
मी खडकाला मिठी मारते. पाय सुटतात. गुडघा सोलवटतो.
वरून केलसिंग :
"पत्थर मत पकड़ो, मॅडम. पीछे बैठो.
वजन दो. रस्सी को वजन दो."

वजन द्या.
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
मी घेणारी. तोळा, मासा, क्विंटल,
खोट निघाली तर जप्ती.
खुर्चीतसुद्धा मी अर्धीच बसते,
अर्धं वजन पायांवर राखून,
उठावं लागलं तर.
दिगंबरच्या घरी अकरा वर्षं तशीच बसले होते.
शेवटी उठावंच लागलं.

मग बसले.
ठरवून वगैरे नाही. हात दमले.
दोर करकरला, ताणला
आणि थांबला.
पट्टे मांड्यांत रुतले,
तळवे खडकावर सपाट टेकले,
आणि माझ्याखाली खुर्ची नव्हती, जमीन नव्हती,
आणि मी पूर्ण बसलेली.
वरून आवाज आला, "हां."
एवढंच.

पाणी तोंडात गेलं : शेवाळ, जुना नळ.
पायांखालून पंकोळ्या गेल्या, दोन, मग चार.
पक्ष्यांची पाठ काळी-निळी चमकते,
हे चोपन्नाव्या वर्षी कळलं.

खाली डोहाकाठी डॉक्टर कुडकुडत उभे,
त्यांचे स्वतःचे दात वाजताहेत.
"आंटी, क्या बात!" पोरं ओरडली.
मी आणलेल्या जिरावनचा पिशवीत चिखल झालेला.
तोच उकडलेल्या बटाट्यांना फासून सगळ्यांनी खाल्ला,
नवरीनं तर बोटंही चाटली.

निघताना केलसिंगला सांगून टाकलं,
फॉर्मवर वजन मी चार किलो कमी लिहिलं होतं.
ओल्या दोराचं वेटोळं खांद्यावर टाकत तो म्हणाला,
"सब कम लिखते हैं.
हम दस जोड़ लेते हैं."