मालकाचा रकाना

वही माझ्याकडे दिली,
नाशिपाएचं अक्षर चांगलं आहे म्हणून.
सकाळी सव्वासहा. तालेकला मिळणारा कोरडा ओढा.
मधोमध एक गाय, पोट उघडं,
आणि तिच्याभोवती
उठायच्या आधीच आडवी झालेली पंगत.

एकेक गिधाड उताणं करायचं.
चोच फाकवायची, घशातले जांभळे दाणे
चिमट्याने बाटलीत टाकायचे, झाकण घट्ट.
मेलेलं गिधाड दिसतं त्याहून जड भरतं.
माझा धाकटा रांगायला लागला तेव्हा
एवढाच होता हाताला.

एकोणीस. वीस.
तरस एक, ओढा चढता चढता थांबलेलं.
गाईच्या डोळ्यात माशा,
त्याही मेलेल्या.
सिंहीण नाही.
जिच्यासाठी ताट वाढलं होतं
ती जेवायला आलीच नाही.

सव्विसाव्याच्या पंखावर पिवळा बिल्ला.
चौऱ्याहत्तर.
हा मीच लावलेला, तीन पावसाळ्यांपूर्वी,
आणि त्यानं माझ्या नव्या शुक्यावर, लाल चौकड्यांवर,
सगळं पोटातलं ओकून ठेवलं होतं.
धुतलं तरी वास गेला नाही.
नवरा आठवडाभर बाहेर झोपला.
नंतर नकाशावर त्याची रेघ बघायचे मी,
इथून निघून सुदानपर्यंत,
कुणाला न विचारता, आणि परत.
मी अजून नारोकच्या पुढे गेलेले नाही.

मग गाय.
डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याला एक.
मी कान हातात धरून बसून राहिले.
ही खूण कुणाची
हे आमच्यात पाच वर्षांचं पोरही सांगेल.

लेमेयान दुपारी आला, डोक्यावर लाकडं घेऊन.
जाळायला लागतील म्हणाला.
बोलावलं नव्हतं कुणी.
वर्षात नऊ जनावरं गेली त्याची.
भरपाईचा अर्ज कुठल्याशा टेबलावर
दुसऱ्या अर्जांखाली आहे.
पुडी मिळते दुकानात, साखरेच्या शेजारी,
चहा-चपातीच्या पैशात.

"पाखरांसाठी नव्हतं ठेवलं," म्हणाला.
मी चौऱ्याहत्तर उचलून त्याच्या हातात दिलं.
त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं,
मान लोंबत होती, ती कोपरावर घेतली,
आणि चितेपर्यंत चालत गेला.

धूर खूप वर गेला.
पूर्वी एवढा धूर दिसला असता
तर वरून कुणीतरी घिरटी घालून बघून गेलं असतं.

साहेबांची गाडी पाचला येणार.
फॉर्ममध्ये एकच रकाना उरला.
"मालकाचं नाव?" मी विचारलं,
जसं सगळ्यांना विचारते.
त्यानं सांगितलं, मी लिहिलं.
त्याखाली बापाचं नाव.
ते मला विचारावं लागलं नाही.