रकाना सहा

अर्ज तीन पानी आहे. मी भरते आहे,
कारण विजया तांडेलचा उजवा हात
मांडीवर असतो, कुणी विसरून गेलेल्या
पिशवीसारखा.

काळाचौकी, दुसरा मजला, दुपार.
शिलाई मशीनवर चादर, चादरीवर
बामची बाटली, नातवाचे रंगखडू, माझी फाईल.
कपाटात फॉल-बिडिंगच्या अकरा साड्या तशाच.
गिऱ्हाइकांनी परत मागितल्या नाहीत.
ती म्हणते, लोक चांगले आहेत हो.
मग थोड्या वेळाने: नाहीतर विसरले असतील.

रकाना एक ते पाच सोपे.
नाव, वय त्रेपन्न, विधवा, पत्ता, आधार.
रकाना सहा: लस देणाऱ्याचे नाव.
मी माझं लिहिते, पूर्ण,
शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं.
"सिस्टर, चहा निवतोय," ती म्हणते.

माझी सुई चुकली नव्हती.
कुपीचा बॅच क्रमांक, बर्फाच्या पेटीचं तापमान,
अर्धा तास बाकावर बसवणं, सगळं वहीत आहे.
समितीने वही पाहिली, माझी चूक नाही
असं तोंडी सांगितलं.
नवव्या दिवशी तिचे तळवे बधिर झाले,
अकराव्या दिवशी जिना उतरता येईना,
मग परळला, व्हेंटिलेटरवर, सव्वा महिना.
लाखात एक, मोठे डॉक्टर म्हणाले.
तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं;
नंतर मला सांगत होती,
लग्नात सासूबाई अगदी हेच म्हणाल्या होत्या.

पहिलं पत्र: 'योगायोग.'
दुसरं, अपिलानंतर: 'संबंध नाकारता येत नाही.'
या एवढ्या नकारातल्या नकारासाठी
तिचा मुलगा दोन वर्षं
मंत्रालयाच्या खिडकीवर पास काढत होता.
आता हा अर्ज. त्यात भरपाई हा शब्द कुठेच नाही,
'सानुग्रह अनुदान' आहे.
तिने विचारलं, म्हणजे काय?
मी म्हटलं, सरकार कृपा करून देतंय.
ती मशीनवरच्या चादरीची दुमडलेली कड
सरळ करत राहिली, डाव्या हाताने.
"कृपा कशाला? मी रांगेत उभी राहिले होते ना,
सगळ्यांसाठी घ्या म्हणाले म्हणून.
तुम्हीच म्हणालात."

हो. मीच म्हणाले.
उद्याही म्हणणार आहे, साडेनऊला,
अभ्युदयनगरच्या अंगणवाडीत,
कारण गोवराने डोळे गेलेली पोरं
मी मोजली आहेत, नोकरीच्या पहिल्या वर्षी,
आणि ती लाखात एक नव्हती.
दोन्ही खरं आहे.
अर्जात त्याला जागा नाही,
'इतर माहिती'ला दीडच ओळ.
तिथे मी तिचा मोबाईल नंबर लिहिते.

शेवटी सही. पेन धरवत नाही, म्हणजे अंगठा.
खाली बारीक छापलंय: पुरुष डावा, स्त्री उजवा.
डावा तिचा बरा चालतो, डाव्याने ती आता
भाकरीसुद्धा उलटते.
बनसोडेंना फोन केला. ते म्हणाले,
सिस्टर, नियम मी केला का?
डावा लावलात तर अर्ज परत येईल.

मग मी शाईचा पॅड उघडला.
एका हाताने तिचा उजवा दंड धरला,
जिथे धरायची सवय आहे तिथेच,
दुसऱ्याने अंगठा.
तोंडात आलं होतं, हात सैल सोडा.
म्हणावं लागलं नाही.