अठरा

आधी बोराएवढा ठिपका पडायचा शेडच्या सिमेंटवर,
मग बशीएवढा.
मार्च सरता सरता मी पिकअपखाली भाजणीचा जुना ट्रे सरकवला
आणि मान्य केलं
की हे आपोआप थांबणारं दुखणं नाही.

सुट्या भागांच्या दुकानातला लेव्हको
काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला,
"गळती राहू दे गं नादिया, ती पिन पाहिलीस का?
करंगळीच्या पेराएवढी, पोलादी,
गिअरच्या पेटीत बसवलेली.
थरथरून थरथरून वीस वर्षं सुटत असते
आणि एक दिवस पडते.
दातांत सापडली की इंजिनाचं श्राद्ध घाल."
मला त्यानं गॅस्केट विकलं,
माझी झोप मात्र फुकटात ठेवून घेतली.

कॅनोराच्या उत्तरेला एप्रिलही हात राखूनच वितळतो.
शाळेची बस सोडून आले की शेडमधली शेगडी पेटवायची,
पाने तिच्याजवळ मांडायचे,
नाहीतर लोखंड बोटांना चावतं.
पहिल्या दिवशी रेडिएटर निघाला, पंखा निघाला.
दुसऱ्या दिवशी एक बोल्ट,
फक्त एक.
त्याला गंजतेल पाजलं, शिव्या दिल्या,
पान्याला पाइप जोडून टांगून घेतलं स्वतःला,
अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांसकट.
सुटला तेव्हा असा ओरडला
की बाहेर कुत्रं उठून उभं राहिलं.

तिसऱ्या संध्याकाळी झाकण हाती आलं.
आत काळं, दाट, मधासारखं तेल
आणि एकमेकांत दात रुतवून बसलेली चाकं,
चार लाख ऐंशी हजार किलोमीटर
न भांडता.
मी फडक्यानं पुसत गेले,
दिवा जवळ नेला,
आणि पिनच दिसेना.

तिच्या तोंडावर पट्टी होती.
पोलादाची, दोन बोटं रुंद,
शेजारच्या बोल्टखाली दाबून बसवलेली.
पापांच्या पेरणीयंत्राची पट्टी ती, ओळखली मी,
आणि तिचे चारी कोपरे कानशीनं गोल केलेले.

मेट्रो सगळ्याचेच कोपरे गोल करायचा.
स्टुलाचे, फळ्यांचे, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराचे.
बोलण्याचे तेवढे राहिले.

अकरा वर्षं झाली.
दक्षिणेकडची एकशेसाठ एकर, पापांची सही,
स्वयंपाकघरात दोघांनी उच्चारलेले ते शब्द.
पिकअपचे कागद माझ्या नावावर करून
तो तेलाच्या खाणीकडे निघून गेला.
निघण्याआधीच्या आठवड्यात
मी बस सोडून आले तेव्हा शेगडी कोमट होती
आणि लांब दांड्याचा पाना जागेवर नव्हता.
चोर म्हणाले होते मी त्याला.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी पाना जागेवर होता,
पुसलेला.

मी उकिडवी बसून राहिले बराच वेळ.
मग तेलकट अंगठ्यानं नंबर दाबला.

"झाकणाचे बोल्ट. किती घट्ट?"
पलीकडे टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. ते बंद झालं.
"कसलं झाकण?"
"पुढचं. गिअरचं."
इतका वेळ शांतता,
की ट्रेमध्ये पडलेले दोन थेंब मी मोजले.
"अठरा," तो म्हणाला.
"आडवेतिडवे आवळ, ओळीनं नको.
आणि पान्यावर लोंबकळू नकोस, तुला सवय आहे."
पट्टीचं मी काढलं नाही.
त्यानंही नाही.
"थंडी आहे का अजून?" एवढं विचारलं त्यानं,
मी हो म्हटलं, आणि शेगडीत लाकूड टाकायला उठले.

शनिवारी तिसऱ्या किल्लीला ते खोकलं,
छपराला धुराचा काळा पट्टा काढला
आणि चालू झालं, जुन्याच ठेक्यात.
रविवारी ट्रे कोरडा.
सोमवारी एक ठिपका.
बोराएवढाही नाही, राईएवढा म्हणू.

एक बोल्ट उरलाय माझ्याकडे.
कोटाच्या खिशात बसच्या किल्लीशी वाजत असतो.
तो कुठला, हे पुस्तकात पाहिलं तर मिळेल.
पुस्तक फळीवर आहे.
मी अजून उघडलेलं नाही.