तारेचा ओरखडा

नोकरीच्या शेवटच्या दिवशी
शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी
वर्गणी काढून दिली ही वही.
जाड तपकिरी चामडं, वर उठावाचा ओक,
मुळांत अडकलेली चंद्रकोर,
आणि एक पितळी कडी, उगाच जड.
"थर्झा, तुझ्या त्या... ह्यासाठी," म्हणाली मेरियन.
'जादू' हा शब्द तिला
बटाट्याच्या सालींसमोर उच्चारवेना.

घरी आणून खिडकीत ठेवली.
खिडकीतून कपाटात.
पुन्हा खिडकीत, कारण तिचा वास
माझ्या स्वेटरांना लागला
आणि हॅलिफॅक्सच्या बसमध्ये एक परका कुत्रा
माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला
थेट शेवटच्या थांब्यापर्यंत.

नऊ महिने, एक अक्षर नाही.
इतक्या देखण्या पानावर
माझं हे अक्षर उमटवायचं?
आयुष्यभर फळ्यावर
'आज: वाटाणे, पाय, कस्टर्ड' लिहून घडलेलं?
मंत्र मी लिहीत राहिले गॅसबिलांच्या पाठीवर.
रोवनची डहाळी, लाल दोरा, तीन गाठी.
जॅमच्या बरणीत मीठ.
चंद्राच्या तारखा कॅलेंडरवर,
दंतवैद्याच्या तारखेला खेटून.

क्लिफर्ड गेल्यावर सुरू केलं हे सगळं.
त्याला परत आणायला नाही,
एवढी खुळी नाही मी.
संध्याकाळी सहा ते आठ
हातांना काहीतरी हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये कालव्याचं पाणी चढलं
आणि गल्लीभर वीज गेली.
मेणबत्ती शोधताना हात वहीवर पडला,
पालथ्या बाजूवर,
जिकडे कुणी बघत नाही.
अंगठ्याखाली एक रेघ लागली.
ओकची सगळ्यात खालची फांदी.
पण ही फांदी हत्याराने उठवलेली नव्हती,
बाकीच्या फांद्यांसारखी गुळगुळीत नव्हती,
ती वाकडी होती, थोडी सुजलेली,
मधेच विचार बदलल्यासारखी.

काटेरी तार.
कुठल्याशा माळावर, दगडी बांधाशी,
एका गाईने मान लांब केली असणार
पलीकडच्या गवतासाठी.
ओरखडा उठला, भरला.
तिला गवत मिळालं की नाही, कळायला मार्ग नाही.
मग खूप नंतर कुणीतरी ते कातडं टेबलावर पसरलं,
व्रण बघितला,
कापून टाकला नाही,
त्याला पानं फोडली
आणि उरलेलं झाड त्याच्याभोवती वाढवलं.

म्हणजे ही वही कोरी नव्हतीच.
मी उगाच सोवळ्यात ठेवली होती तिला.

कडी उघडताना कुरकुरली.
मुहूर्त नाही, धूप नाही.
हाताला लागली ती पेन्सिल,
शेंड्याला माझेच दात.

'शुक्रवार. पौर्णिमा.
ढग. चंद्र दिसला नाही.
मिठाला पाणी सुटलं.
मेरियनच्या गुडघ्यासाठी तीन गाठी मारल्या,
दुसरी सुटली, पुन्हा मारली.
गुडघ्यात फरक नाही.
क्लिफर्डच्या खुर्चीत आज मी बसले.
खुर्ची बरी आहे.'

मेणाचा एक थेंब पडला 'बरी'वर.
खरवडला नाही.

रविवारी मेरियन आली, काठी टेकत,
केक घेऊन, जरा जास्तच भाजलेला.
वही उघडीच होती.
तिने चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं.
मी किटलीकडे बघत राहिले.
आता हसेल, मला वाटलं,
किंवा पाद्र्याचं नाव काढेल.

"थर्झा," ती म्हणाली,
"चाळीस वर्षं एका चुलीशी उभ्या राहिलो आपण,
आणि माझ्या नावातलं एक अक्षर खाल्लंस?"

पेन्सिल मागून घेतली,
जिभेला लावून ओली केली,
आणि माझ्या मंत्रांच्या वहीत,
पहिल्याच पानावर,
अगदी सावकाश
स्वतःचं नाव दुरुस्त केलं.

मग म्हणाली, "डावा गुडघा, असं लिही.
उजवा ठीक आहे."