पंच क्रमांक दोन

समन्स घेऊन हवालदार चव्हाणके आला
तेव्हा मी दुकानाच्या माळ्यावर होतो.
वरूनच बायकोला खूण केली, नाहीत म्हण.
ती त्याला म्हणाली,
"वर आहेत. नाहीत म्हणतायत."

सात वर्षांपूर्वीची एक सही.
भद्रकाली चौकीसमोरच्या टपरीवर भजी खात होतो,
कोणीतरी म्हणालं, शेठ, दोन मिनिटं, इथं आणि इथं.
पेन त्यांचं. तेल माझ्या बोटांचं.
पंचामुखी परमेश्वर म्हणतात;
त्या वेळी माझ्या मुखी अर्धं भजं होतं.

मग मी काय काय नाही केलं.
साडूच्या ओळखीचा एक वकील गाठला,
तो म्हणाला, जाऊन या, काका, चहा चांगला मिळतो तिथं.
भुसावळच्या आत्याला आजारी पाडलं,
तर ती त्याच संध्याकाळी
पापडांचा डबा घेऊन दारात हजर.
शेवटी डॉक्टर निरगुड्यांकडे गेलो :
लिहून द्या, ऐकू येत नाही.
त्यांनी कानामागे काहीतरी वाजवलं,
मी उगीच गप्प बसलो.
दुसऱ्या कानामागे वाजवलं की नाही
ते मला अजून माहीत नाही.
म्हणाले, "खोटं कशाला लिहू? डावा गेलाय तुमचा.
तीस वर्षं हातोडी मारताय, कोणी बोललं नाही?"
कोणी बोललं असेलही.

तो कागद जज्जबाईंनी वाचला
आणि सगळ्या कोर्टाला सांगितलं, मोठ्यानं बोला.
त्यामुळे माझी साक्ष
मेहेर सिग्नलपर्यंत ऐकू गेली असणार.

सही तुमची? माझी.
पंचनामा तुमच्यासमोर झाला?
लाखेचं सील तोडून त्यांनी घागर टेबलावर ठेवली.
दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर मी,
माझ्या नावावर तेलाचा एक डाग, सात वर्षं जपलेला.
पिंजऱ्यात एक पोरगा, आता पोरगा नाही,
एकनाथ ऊर्फ भावड्या,
बघत होता पंख्याकडे.

हो म्हणालो असतो तर अकरा वाजता दुकानात असतो.
पण घागर समोर होती
आणि हाताला सवय.
नखानं टिचकी मारली, उजवा कान जवळ नेला.
म्हणालो, बाई, ही हातची नाही.
फिर्यादीत लिहिलंय, आजोबांच्या वेळची, ठोक्याची.
याच्यावर मठारकामाचा एक ठोका नाही, बघा ना,
ही साच्यातली. आमच्याच गल्लीत मिळते, किलोवर.

"विचारलंय तेवढंच सांगा!" सरकारी वकील ओरडले.
ओरडायचीच परवानगी होती.
मी म्हणालो, तेवढंच सांगतो :
मी काही पाहिलं नाही. मी भजी खात होतो.

'फितूर' असा शब्द टाइप झाला माझ्यापुढे.
मला वाटायचं फितुरी किल्ल्याच्या दरवाजात होते,
रात्री, मशाली लपवून.
माझी झाली साडेबाराला,
आणि भत्त्याच्या पावतीवर परत एक सही.
या वेळी आधी वाचली. दोनदा.
मागचा माणूस च्यक् च्यक् करत होता.

भावड्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
त्याला पुढची तारीख मिळाली,
कुठली ते मला ऐकू आलं नाही.

तांबट आळीत शिरलो तर
दोन्ही बाजूंनी ठोके चालूच होते;
आज पहिल्यांदा कळलं
की ते मला एकाच बाजूनं ऐकू येतात.
बायको डावीकडे उभी राहून विचारत होती,
सुटलात का, की
सुटला का.
मी मान हलवली.
ती कशी हलली, तिनं ठरवावं.