टाळू

पहिल्याच दिवशी अंगठा आत गेला.
किंचितच, हुरड्याच्या दाण्यावर दाबावं तसा.
खाली काहीतरी धडधडत होतं.

राजमणी म्हणाली, टाळू आहे, भरंल की.
तीन लेकरांची भरली होती तिनं
वाटीत खोबरेल कोमट करून, थेंब थेंब.
तशीच चिन्नीची भरायला बसली,
रोज दिवेलागणीला, मांडीवर घेऊन.
सव्वा किलोचं कुत्रं ते. तेलानं कपाळ चकचकीत,
डोळे जरा जास्तच बाहेर.
गल्लीतली पोरं तिला बाहुली म्हणायची.

आठ महिने झाले. टाळू उघडीच.

मग ती डावीकडेच फिरायला लागली,
पाण्याच्या वाटीभोवती, खाटेच्या पायाभोवती.
उचललं की किंचाळायची.
आणि मानेपाशी खाजवायची. खाजवायची म्हणजे
मागचा पाय हवेतच चालायचा, अंगाला लागायचा नाही.
कांडी संपलेला धोटा असाच पळतो,
खट खट खट,
आणि कापड तसूभर पुढं सरकत नाही.

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात बागवान डॉक्टरीणबाईंनी
त्याच मऊ जागेवर थंड जेल लावून मशीन टेकवलं.
जिथं हाड नाही तिथूनच आतलं दिसतं म्हणे.
पडद्यावर काळं होतं. ते पाणी.
मी म्हटलं, एकदा ओट्यावरून पडली होती, त्याचं तर नाही?
नाही, म्हणाल्या. जागा कमी आहे आत.
एका चादरीच्या पिशवीत दोन कोंबल्यात तुम्ही.
हे जन्माच्या आधीचं, आईबापाकडून आलेलं.
मग चष्मा पुसत विचारलं,
या वेताची बाकीची पिल्लं कुठं दिलीत?

तुम्ही, म्हणाल्या त्या. कोंबल्यात तुम्ही.

मी जकार्डची कार्डं मारणारा माणूस. बत्तीस वर्षं.
पुठ्ठ्यात भोक असेल तिथं दोरा उचलतो,
नसेल तिथं पडून राहतो.
मोर, कमळ, डाळिंब, सगळी भोकांचीच नक्षी.
एकदा एक भोक चुकलं होतं माझं,
मोराचा डोळा मानेवर आला,
आणि दुपारपर्यंत अठरा चादरींवर तोच मोर
मानेनं बघत होता.
मागाला काय माहीत. तो खाली बसवलेलं कार्ड वाचतो.
त्या अठरा चादरी सेकंडमध्ये गेल्या,
नवी पेठेच्या फुटपाथवर निम्म्या भावात.
थंडीत कुणी डोळा बघत नाही.

माग बंद पडले तेव्हा मी बुंदी आणली, चिन्नीची आई.
गिऱ्हाईक फोनवर विचारायचं,
डोकं गोल आहे ना? सफरचंदासारखं? मुठीत मावंल ना?
गोल डोक्याला दोन हजार जास्त.
म्हणून बुंदीला तिच्याच भावाकडं नेलं,
होटगी रोडला, मेव्हण्याच्या घरी. त्याचं डोकं फारच गोल होतं.
जुळवलं मी. पुठ्ठ्यावर जुळवतो तसं.

सहा झाली. चिन्नी कुणी घेतली नाही, फार बारीक म्हणून.
पाच गेली. अक्कलकोट, कुंभारी, दोन विजापूर रोडला, एक बार्शीला.

राजमणीला सांगितलं, तेलानं भरणार नाही.
तिनं वाटी खाली ठेवली नाही.
भरायला कोण घालतंय, म्हणाली.

बुंदीचं ऑपरेशन बुधवारी आहे.
मेव्हणा दोन दिवस बोललेला नाही.

आज बार्शीला फोन लावला. एका मास्तरांची मुलगी, श्रावणी.
मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली,
काका, आमचा गोट्या किती शहाणा झालाय माहितीय?
भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो,
अर्धा अर्धा तास, नमस्कार केल्यासारखा.
आई म्हणते मागच्या जन्मीचा पुजारी आहे.
तुमच्याकडची पण करते का असं?

मी हो म्हणालो. शहाणा आहे म्हणालो.
फोन ठेवला.
चिन्नीचा पाय चालू होता, खाटेखाली, हवेत.
मग परत लावला.