आमच्या

तीन वर्षं मी देवाशी एकट्यानंच बोलत होतो.
उद्यमबागेत लेथवर चाळीस वर्षं काढलेली,
केसाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत माप धरलेलं,
मला कुणाची जामीनकी कशाला?
रविवारी दार ओढून घ्यायचं,
गीतांचं पुस्तक मांडीवर,
आणि तिसऱ्या गेटावरनं मिरजेची गाडी जाईपर्यंत
माझं मीच गायचं, माझं मीच ऐकायचं.

भांडण साधं होतं.
मराठी उपासना आठाची साडेसहाला ढकलली,
कानडीला वेळ हवा म्हणून.
वर रंगकामाच्या हिशेबात सतराशे रुपये कमी.
खजिनदार देवपुत्र हंचिनमनी.
भर सभेत म्हणालो, "तुमचं चर्च तुम्हाला लखलाभ."
तुमचं, म्हणालो.
तोंडातनं गेलेला शब्द घरी परत येत नाही,
मीच आलो.

एका पवित्र गुरुवारी काय सुचलं की,
कॅम्पातल्या बेकरीतला पाव आणला,
कपात कोकम ओतलं.
पाव मोडला, ओठांवर आलं: घ्या, खा.
समोर भिंत. सहकारी बँकेचं कॅलेंडर,
त्याच्यामागं अर्धी पाल.
घ्या, कोण?
तो पाव दुसऱ्या दिवशी चहात बुडवून संपवला.

मग डिसेंबरात न्हाणीत घसरलो.
घोट्याला प्लास्टर.
पाण्याचा हंडा आणि मी, मधे बारा पावलं.
बारा पावलं म्हणजे किती,
ते मोजायला मायक्रोमीटर चालत नाही.

तिसऱ्या दिवशी दाराला धक्का.
देवपुत्र. कानटोपी, हातात डबा.
न विचारता आत. हंडा भरून खाटेजवळ ठेवला.
ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वाटीत दही.
उपदेश नाही, कसं हाय सुद्धा नाही.
वर बघून एवढंच म्हणाला,
"चाळण झालीय की हो तुमच्या घराची."
हंचिनमनी म्हणजे कौलांचं घर.
बघवलं नसणार त्याला.

निघताना उभा राहिला, टोपी काढली,
डोळे मिटून सुरूच केलं:
परलोकदल्लिरुव नम्म तंदेये…
माझ्याही तोंडून आपसूक:
हे आमच्या स्वर्गातील पित्या…

आणि तिथंच अडलो.
आमच्या.
माझ्या नव्हे. आपल्या पण नव्हे,
देवालाच जोडीला धरलं असतं तर आपल्या म्हटलं असतं.
आमच्या म्हणजे मी,
आणि देव सोडून आणखी कुणीतरी
माझ्या कोपराला कोपर लावून उभं.
तीन वर्षं, रोज सकाळी,
कोण होते माझे आम्ही?
खुर्ची? पाल?

तो पुढं गेला होता, अनुदिनद आहारापर्यंत.
मी मागनं धावलो, रोजची भाकर घेऊन.
मग माझ्याकडं आलं ऋण,
आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे.
त्याच्या कानडीत तिथं नुसत्या चुका आहेत,
पैशाचं नाव नाही.
माझ्या मराठीत सतराशे रुपये
घशात उभे राहिले. एक डोळा उघडून बघितलं.
त्याचाही एक उघडा होता.

शेवटाला मी आधी पोचलो.
थांबलो.
आमेन तोंडात धरून उभं राहणं,
दुसरा येईपर्यंत,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता साडेसहाला जातो, अंधारात, काठी टेकत.
एस्तेरबाई अजून प्रत्येक गीतात एक ओळ पुढं पळतात.
पेटीचा भाता फाटलाय.
सतराशे रुपये अजून लागलेले नाहीत,
विचारणार आहे, सोडणार नाही.
पण बाकावर थोडा सरकून बसतो.
कुणी विचारलं तर सांगतो,
पाय लांब करायला जागा लागते.